मधली धार

कायगाव, १९५३

मल्हारीदादाला मुंजाबाचा नमस्कार.

गोदागंगेत तुझी अन् बन्सी नावाड्याची अशा दोन शिडाच्या नावा धडकल्या, बन्सी बुडाला अन् तू हर्सूलच्या तुरुंगात गेलास, ते माझ्या जबानीनं. औरंगाबादच्या कोर्टात वकिलानं इचारलं, "टक्कर झाली तवा तुझ्या भावाचा हात सुकाणूवर व्हता का?" मी म्हटलं, "नाय, साहेब."

का नव्हता, ते कुणी इचारलं नाय अन् माझी जीभ रेटली नाय. मधली धार आली म्हणून तू रिवाजानं गंगामाईला हात जोडले व्हते. समोरून येणाऱ्या बन्सीनंबी जोडले व्हते.

हे तुला परका माणूस वाचून दाखवंल, म्हणून धाडत नाय. तुझी नाव आता मीच चालवतो. मधल्या धारेत उतारू हात जोडतात. मी सुकाणू सोडत नाय.

तुझा,
मुंजाबा