आधी आपलं बावखल लिही

प्रिय आई,

आज माझ्या प्रबंधाची बांधून आलेली प्रत हातात पडली. सार्वजनिक धोरण या विषयातलं माझं एम.ए. पुरं झालं, आई! तुमची सून एकोणचाळिसाव्या वर्षी पहिल्या वर्गात पास झाली. ऋणनिर्देशाच्या पानावर तुमचं नाव आहे, पण तिथे तुमच्या वाट्याला दोनच ओळी आल्या. दोन ओळींत तुम्ही कशा मावणार? म्हणून हे पत्र.

प्रवेश मिळाला ते सांगायला मी आले, तेव्हा तुम्ही ओट्यावर अबोलीचे गजरे बांधत होतात. "पॉलिसी शिकनार? म्हंजे आता विमा विकनार का गो?" माझा नवरा असून नीलेश केवढा हसला होता! मी म्हटलं, "नाही हो आई. सरकार निर्णय कसे घेतं, त्यानं कुणाचं भलं होतं, कुणाचं नुकसान होतं, ते शिकवतात." तुम्ही दोऱ्याला गाठ मारलीत आणि विचारलंत, "मग पान्याचं काय ठरवतात, तेपन शिकवतील?"

मला तेव्हा तो प्रश्न भोळा वाटला. खरं सांगते, वाटला.

मी आचोळ्याला, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. पाणी म्हणजे नळ, आणि नळ कोरडा असला की टँकर. लग्न होऊन इथे निर्मळ गावात आले, तेव्हा वाडीतलं तळं दाखवून तुम्ही म्हणालात, "हे आपलं बावखल. पावसात भरतं, जमिनीत मुरतं, म्हनून आपली विहीर गोड." मी नवी नवरी, नुसती मान हलवली. पंधरा वर्षं त्याच्या काठाने ये-जा केली आणि एकदाही नीट बघितलं नाही!

पहिल्या सत्रात मी संख्याशास्त्रात नापास झाले. आठवडाभर दवाखान्यात रिसेप्शनवर बसायचं, शनिवार-रविवार मुंबईला वर्ग, आणि सगळी पुस्तकं इंग्रजी. वर्गातली मुलं माझ्या निम्म्या वयाची. स्वयंपाकघरात येऊन मी म्हणाले, "आई, सोडते मी. नाही जमत." तुम्ही पाठीवरून हात फिरवाल, असं वाटलं होतं. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. "नापास झालीस तर परत बस. सुट्टीचं जेवन मी नि नीलेश बघतो." आणि पुढच्याच शनिवारी नीलेशच्या पुढ्यात विळी आणि दुधी ठेवलात. दुसऱ्या खेपेला पास झाले, तेव्हा तुम्ही आळीभर पेढे वाटलेत. नापास झाल्याचंही सांगत होतात सगळ्यांना! केवढी लाजले होते मी.

मग प्रबंधाचा विषय ठरला: बुजवलेली बावखलं. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "नोंदी कुठे आहेत?" मी दोन-तीन कार्यालयांत खेटे घातले. पूर्ण यादी कुठेच मिळाली नाही. वैतागून घरी आले, तर तुम्ही म्हणालात, "कागदावर नाय म्हंजे ती नव्हतीच का?" आणि चपला घातल्यात.

फाटकापाशी मी वही उघडली. "कुठून सुरुवात करायची?"

"आधी आपलं बावखल लिही."

"आपलं तर आहे की, आई!"

"हे धाकटं. थोरलं तिथं होतं." तुम्ही बोट दाखवलंत ते नीलेशचा टेम्पो उभा राहतो त्या शेडकडे. "तुझे सासरे म्हनाले बुजवू, मी हो म्हटलं. कागदावर माझीपन सही हाय. लिही."

मी चाचरले. घरातलीच गोष्ट, कॉलेजात बरी दिसेल का? तुम्ही काय कडाडलात! "दुसऱ्यांची लिहायची नि आपलं झाकायचं? मग शिकतेस कशाला?"

तो सबंध हिवाळा आपण सकाळी सकाळी हिंडलो. कुणाचं बावखल होतं, कधी बुजलं, त्यावर आता बंगला आहे की गोडाऊन, शेजारची विहीर कधीपासून मचूळ झाली, सगळं तुम्हाला तोंडपाठ. मधेच थांबून तुम्ही कुणाच्या तरी वाडीतला मोगरा बघत उभ्या राहायचात. मला वाटायचं, फुलांचं वेड! तुम्हाला धाप लागत होती, आई. एका शब्दाने का नाही बोललात?

आणि माझ्या शेवटच्या पेपरच्या दिवशी तर कमालच केलीत. सकाळीच तुमच्या छातीत दुखायला लागलं, आणि इस्पितळात जाता जाता नीलेशला दम भरलात, "तिचा पेपर सुटल्याबिगर फोन करायचा नाय." असं कुणी करतं का हो? मी धावत पोचले, तर पहिला प्रश्न, "सगळं लिहिलंस ना?" आठवड्याने तुम्ही गेलात. अजून राग आहे माझा.

प्रबंध तुमच्याशिवाय लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी यादीवर बोट ठेवलं. "एका वयस्कर बाईंच्या आठवणीवर इतका विश्वास कसा ठेवायचा?" मी यादीचं पहिलं पान उघडलं. म्हटलं, "सर, पहिली नोंद त्यांनी स्वतःच्या विरुद्ध दिली आहे. ती वाचा." त्यांनी वाचली. सावकाश, दोनदा वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, "पुढे बोला." त्या क्षणी मला तुमची सून असण्याचा जो अभिमान वाटला, तो निकालाच्या दिवशीही वाटला नाही.

गेल्या महिन्यात देवळाच्या सभामंडपात गाव जमलं, तिथे ती यादी वाचली. आपल्या नावापासून सुरुवात केली, तशी चुळबुळ थांबली. मागच्या आळीतले अण्णा आठवतात? त्यांनी आपलं बावखल बुजवायला डंपर ठरवले होते. ते उठून म्हणाले, "माझं नाव त्या यादीत नको. राहू दे माझं बावखल." सगळे हसले, पण डंपर काही आले नाहीत! एक बावखल वाचलं, आई.

एक मात्र टोचतं. तुमचं बोलणं मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं. परवा ऐकत होते. एका ठिकाणी तुम्ही म्हणता, "लग्न होऊन आले ना, त्या पहिल्या दिवशी मी या काठावर बसून लय रडले." आणि लगेच माझा आवाज येतो, "ते राहू द्या आई, खोली किती होती ते सांगा." तुम्ही मुकाट्याने खोली सांगितलीत. का रडला होतात? आता कुणाला विचारू?

सोमवारपासून होळी गावाची यादी सुरू करतेय. तिथल्या भाजीच्या वाड्यांमधल्या बायकांनी बोलावलं आहे. तुम्हाला शब्द देते: पेनाचं टोपण उघडण्याआधी प्रत्येकीला तिचं माहेर विचारीन. एखादी म्हणाली की मी इथे रडले होते, तर का ते विचारीन, आणि तिचं सांगून संपेपर्यंत दुसरा प्रश्न तोंडातून काढणार नाही.

तुमची,
स्वाती