वहिनीचं कार्ड

३ मार्च, सोमवार

पुन्हा तेच! खिडकीतल्या बाईने वरही न बघता विचारलं — "विमा?" नाही म्हटल्यावर, "मग आधी पूर्ण फी भरा." काय होतंय, ते कोणी विचारलंच नाही. पाय सुजलेत, जिना चढताना दम लागतो, हे सांगायला उघडलेलं तोंड मिटून परत आले. हा तिसरा दवाखाना.

नंतर दिवसभर लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीपुढे उभी. हॉटेलच्या चादरी संपता संपत नाहीत. मुकादम म्हणतो, "उभं राहून सगळ्यांचेच पाय सुजतात." सगळ्यांचे सुजतात म्हणजे ठीक आहे का रे बाबा?

४ मार्च

मोफत दवाखाना फक्त मंगळवारी. सातला गेले तर नंबर संपलेले! लोक पाचपासून बसतात म्हणे. इकडे अर्धी पाळी बुडाली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

६ मार्च

दादाकडे गेले. वहिनीला शाळेच्या ऑफिसातून विमा आहे. त्यात दादा बसतो, मुलं बसतात, नणंद बसत नाही. दादा म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' मी लहानपणापासून ओळखते.

जिन्यात वहिनीने गाठलं. हळूच म्हणाली, "शनिवारी माझं कार्ड घेऊन जा. फोटो नाही त्यावर, माझं नाव सांगा. पण दुपारीच हं. सकाळची बाई मला ओळखते. आणि सकाळी कार्ड मला हवंय."

सकाळी कशाला हवंय? मिरवायला? उपकार करतानाही हुकूम! मी आभार मानले नाहीत.

८ मार्च

वहिनीच्या नावाने दोनदा हाक मारली तेव्हा कुठे उठले. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला, खळगा पडला तो तसाच राहिला. रक्त घेतलं. आजारी पडायलाही दुसरीचं नाव लागतं — थू!

११ मार्च

वहिनीचा फोन. रिपोर्ट तिच्याकडे आला. मूत्रपिंडं निम्मीच काम करतायत. "घाबरू नका, वन्सं," म्हणाली. माझं डोकंच फिरलं. ओरडले, "तुम्हाला काय जातंय सांगायला? तुमच्याकडे कार्ड आहे!" तिने फोन ठेवला.

बरं झालं. ऐकू दे एकदा.

१२ मार्च

वहिनी लाँड्रीत आली. आजवर कधी आली नव्हती. चादरींच्या ढिगावर बसली, मोजे उतरवले. पाय माझ्याइतकेच सुजलेले! किती महिने झाले, दादालाही सांगितलं नाही. शनिवारी सकाळी तीही रक्त देऊन आली होती. एकाच दिवशी एकाच नावाच्या दोन बाटल्या, म्हणून चूक समजून दवाखान्याने एक फेकून दिली. कोणती, ते त्यांनाही माहीत नाही.

मी इस्त्री बंद केली.

"रिपोर्ट माझाच असू दे, वन्सं," म्हणाली. "माझ्याकडे कार्ड आहे."