शाळेतल्या बाईंचं बोलावणं

ज्ञानेश,

नाईट करून घोरत पडलायस, म्हणून लिहून ठेवते. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी तुम्हा दोघांना बोलावलं, तर तू रेवाला म्हणालास, "आईला जायला सांग." स्वरूपा म्हणाली, "बापाला सांग." मोठे शहाणे! शेवटी काल मीच गेले. बाई कसली, कालची पोर ती, रंगपेट्या मांडून बसलेली. म्हटलं, फुकटचा पगार खाते. पण रेवा तिच्यापाशी रडली, म्हणाली, "आईबाबा बोलत नाहीत, सगळे निरोप मीच पोचवते." मला मान खाली घालायला लावलीत.

आज परत बोलावलंय. मी रेवाला घेऊन पुढे जाते. स्वरूपा कामावरून येते ती चाकणची बस यायच्या आत ऊठ, तिला घेऊन शाळेत ये. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुला तोंड आहे.

आई