जास्तीचं ताट

पोझनान,
जानेवारीचा शेवट

प्रिय लामारा,

तुझं पत्र मिळालं. आपल्या आईनं कोंबड्या शेजारच्या एतेरीला देऊन टाकल्या, रजई उसवून आतली लोकर धुऊन वाळवली, आणि रोज सकाळी तुला विचारते, नातेलाचं उत्तर आलं का, तिचा लेवान मला पोलंडला कधी नेणार? तू लिहितेस, 'हो की नाही, एका शब्दात सांग.' एका शब्दात सांगता आलं असतं तर फोनच केला असता. पण फोनवर आई तुझ्या शेजारी बसून ऐकते, आणि तुझा आवाज चढला की सगळ्या गल्लीला कळतं, म्हणून पत्र. तिला वाचून दाखवू नकोस. चष्मा सापडत नाही म्हण.

तुम्हा सगळ्यांना वाटतं, नातेला तिकडे चांगली स्थिरावली. खोटं नाही ते. बेकरीच्या वर माझी खोली आहे, खाली आपली मातीची भट्टी, तिच्यात कमरेपर्यंत वाकून मी दिवसभर पाव थापते. गिऱ्हाइकं एकमेकांचा धक्का लागणार नाही इतकं अंतर सोडून रांगेत उभी राहतात, पाव हातात पडला की 'धन्यवाद' म्हणून निघून जातात. सुरुवातीला मी विचारायचे, 'आज घरी काय केलंत? मुलं बरी आहेत ना?' तर असे बघायचे, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. माझ्या जिन्यातल्या एका बाईचा नवरा वारला, तेव्हा अक्रोड घालून राजमा केला आणि भांडं घेऊन तिचं दार वाजवलं. तिनं साखळी न काढता फटीतून बघितलं आणि म्हणाली, 'मी काही मागवलं नव्हतं.' मी भांडं घेऊन वर आले आणि एकटीनं बसून खाल्लं. आता कुणाच्या घरी कोणी मेलं तरी मी खाली मान घालून जिना उतरते. यालाच स्थिरावणं म्हणतात बहुतेक.

लेवान मात्र खराखुरा स्थिरावला. त्यानंच मला बोलावलं होतं, 'आई, ये, दोघं मिळून राहू.' राहिलो, त्याच्या लग्नापर्यंत. मार्ता वाईट नाही, हे आधीच लिहिते, नाहीतर तू लगेच तिच्या नावानं खडे फोडशील. माझ्या वाढदिवसाला फुलं आणते. रविवारी येऊ का विचारलं, तर कॅलेंडर बघून सांगते म्हणते, आणि खरंच बघून सांगते. बहुतेक वेळा जमत नाही. लेवान आता माझ्याशीसुद्धा पोलिश बोलायला लागलाय. मी जॉर्जियनमध्ये विचारते, तो पोलिशमध्ये उत्तर देतो, आणि मला समजलं नाही की दमल्यासारखा श्वास सोडतो.

इथे क्रिस्तिनाबाई म्हणून एक म्हातारी गिऱ्हाईक आहे, सगळ्या शहरात माझ्याशी बोलणारी एकटी. नाताळच्या आधी ती म्हणाली, 'अगं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आम्ही टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतो. न सांगता कुणी आलं तर त्याच्यासाठी. त्या दिवशी दारातून कुणालाही परत पाठवायचं नसतं.' लामारा, मला तिथेच रडू फुटलं. इतक्या वर्षांत या लोकांची ही पहिली गोष्ट, जी मला न समजावता समजली. लेवाननं मला बोलावलं नव्हतं. आपला नाताळ जानेवारीत, तेव्हा आईला त्या दिवसाचं काय, असं वाटलं असेल त्याला. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. बोलावलं असतं, तर मग ते ताट कशाला? आणि आपल्याकडे आईला आमंत्रण कोण देतं? ती फाटकातून हाक मारते आणि आत येते.

मी केस धुतले, निळा पोशाख घातला, चीज भरलेली खाचापुरी रोटी भाजली, तू पाठवलेली वाइनची बाटली घेतली आणि गेले. बर्फ पडत होता, ट्राम रिकामी होती, आणि मी इतकी खूश होते की चालवणाऱ्यालाही शुभेच्छा दिल्या. दार लेवाननंच उघडलं. त्याच्या तोंडावर जे आलं ते तुला दिसलं नाही हे बरं झालं. 'आई? काय झालं?' मी म्हटलं, 'काय व्हायचंय? आले.' तर हळू आवाजात म्हणतो, 'फोन तरी करायचास. मार्ताच्या घरचे सगळे बसलेत गं.' बाटली त्यानं माझ्या हातातून घेतली आणि चपलांच्या कपाटावर ठेवली. त्या दिवशी यांच्या घरात दारू पीत नाहीत.

आत सगळे उठून उभे राहिले, माझ्या गालाला गाल लावले, कुणी वाकडं बोललं नाही. टेबलावर ते ताट होतंच. पांढरं, घडीच्या रुमालासकट, समोर खुर्ची. मी जाऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात आमच्या विहीणबाई दानुता हसत आल्या आणि माझा कोपर धरून म्हणाल्या, 'अहो, तिथे नको! ते न सांगता येणाऱ्या पाहुण्याचं आहे.' मार्तानं स्वयंपाकघरातून स्टूल आणलं, वेगळ्या रंगाची बशी आणली, आणि मला कोपऱ्यात फ्रिजजवळ जागा केली. मी लेवानकडे बघितलं. तो माशाचे काटे काढत होता. फार मन लावून काढत होता. सबंध जेवणभर ते ताट भरल्या टेबलावर रिकामं राहिलं, आणि जेवण झाल्यावर विहीणबाईंनी ते न विसळताच कपाटात ठेवलं, कारण ते स्वच्छच होतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. कोट घ्यायला मी मागच्या खोलीत गेले. ईस्टरला गावी आला तेव्हा लेवाननं आईला मांडीवर हात मारून सांगितलं होतं ना, 'आजी, तुझी खोली तयार आहे, खिडकीतून झाड दिसतं,' तीच ती खोली. झाड खरंच दिसतं. खोलीत व्यायामाची सायकल आहे, मार्ताचं कामाचं टेबल आहे, आणि दोरीवर कपडे वाळत होते. लेवान मागून आला. मी विचारलं, 'आजीची कॉट कुठे लावणार?' तो म्हणाला, 'आई, तू पण ना! दोन पेले झाल्यावर माणूस बोलतो असं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं ऐकून.' मी म्हटलं, 'ती कोंबड्या वाटायला निघालीय.' तर म्हणतो, 'मग आता तूच समजाव तिला, तुला जमतं.' दारात मार्तानं मला खाचापुरीचा डबा परत दिला, धुऊन, आणि प्रेमानं म्हणाली, 'पुढच्या वेळी फक्त एक मेसेज टाका.' मी रागावले नाही. रागवायला तिथे माझं कुणी लागत असायला हवं होतं.

तू म्हणशील, मग तू आईला तुझ्या खोलीत घे, नाहीतर चंबूगबाळं आवरून परत ये. माझ्या खोलीत भट्टीवरची दुसरी बाईही झोपते, तिथे आईला कुठे ठेवू? आणि परत आले, तर आई पहिल्या दिवशी विचारेल, मुलाला सोडून का आलीस? माझं तोंड तुला माहीत आहे, त्यावर काही लपत नाही.

म्हणून हे पत्र. उत्तर 'नाही' असंच आहे. पण लेवाननं नाही म्हटलं, असं सांगू नकोस. सांग की त्यानं खोली सजवून ठेवली होती, कॉट आणली होती, आणि नातेलानंच मोडता घातला. म्हणाली, म्हातारीची सेवा मला होणार नाही. ती रडेल, मग शेजारणींपुढे माझ्या नावानं बोटं मोडेल, असली मुलगी जन्मतःच का मेली नाही म्हणेल. म्हणू दे, तू मध्ये पडू नकोस, माझी बाजू तर मुळीच घेऊ नकोस. मुलीवर संतापून आई अजून दहा वर्षं काढेल, लामारा. नातवाला आपण नको आहोत हे कळलं, तर ती या हिवाळ्यातच जाईल. एतेरीकडून कोंबड्या तेवढ्या परत आण.

आईची नावडती आणि तुझीच,
नातेला