एकाच वयाच्या दोघी

७ जानेवारी, मंगळवार

आज मी सुमनला आजी म्हणाले.

लिहूनही खरं वाटत नाही. मिलिंदच्या बँकेतर्फे आम्हा दोघांची दर वर्षी सगळी तपासणी होते. त्यासाठी सकाळी उपाशीपोटी महाडच्या हॉस्पिटलात बसले होते. एक म्हातारी आली. गाल आत गेलेले, पदर तोंडाशी धरून खोकत होती. मी सरकून जागा केली. म्हटलं, "बसा आजी."

ती बघतच राहिली.

"वैशाली ना गो तू? पोलादपूरची, दुकानवाल्यांची?"

मला काही ओळख लागेना.

"मी सुमन. आठवी ते दहावी एका बाकावर व्हतो आपण."

सुमन! वरच्या वाडीतून रोज डोंगर उतरून शाळेत यायची. प्रतापगडच्या सहलीत आम्ही निम्म्यात धापा टाकत होतो आणि ही वरून हाका मारत होती. तिची आई दुकानात आली की माझ्या आईला सांगायची, तुमच्या वैशीच्या पाठीवर सहा महिन्यांनी माझी झाली. म्हणजे मीच मोठी. मी एक्कावन्न पूर्ण.

सिस्टर बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुमच्या आईंना आत घ्या."

मी तिची चूक सुधारली नाही. 

८ जानेवारी

रिपोर्ट आले. ड जीवनसत्त्व जरा कमी, बाकी सगळं ठीक. मिलिंद खूश. "अजून तीस वर्षं तुला काही होत नाही." हसता आलं नाही.

आरशासमोर उभी राहिले. केस रंगवलेले. दोन दाढांवर कॅप. मागच्या वर्षी गुडघा धरला तर सहा आठवडे फिजिओकडे जात होते. मला वाटायचं माझी तब्येतच मुळात चांगली, आईच्या वळणावर गेलेली.

नववी ब ला भूमितीचा तास. फळ्यावर चुकीची आकृती काढली. मुलींनी सांगितलं तेव्हा कळलं.

१२ जानेवारी, रविवार

सुमनकडे जाऊन आले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे रिक्षा, शेवटी चढ. मी थांबत थांबत चढले, पण चढले. ती म्हणाली, आता ती खाली उतरते फक्त दवाखान्यासाठी, आणि वर यायला अर्धा दिवस जातो.

चार शब्द बोलते, थांबते, मग पुढचे चार.

नवरा सहा वर्षांपूर्वी गेला, असाच खोकून. मुलगा महेश डंपर चालवतो. सून रेश्मा, तेवीस-चोवीसची, हसरी. तिनं चहा केला. घरात जुन्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेवलेली.

"टीबीच्या गोळ्या दोनदा पुऱ्या केल्या. थुंकीत काय सापडत नाय. पन खोकला हाय म्हंजे टीबीच."

"काम काय करतेस?"

"खडीच्या मशीनवर. तेरा वर्सं झाली. आमचे हे पन तितंच व्हते."

"कोणाची मशीन?"

"हाय एकाची," म्हणाली आणि चहा गार होतो म्हणून मला दटावलं.

निघताना ओटीवर उभी राहिले. वाडी शांत. बायका दिसल्या, पोरं दिसली. सहज विचारलं, "म्हातारी माणसं शेतावर गेली का गं सगळी?"

सुमन म्हणाली, "म्हातारं कोण हाय इथं? मीच."

मला वाटलं थट्टा करते. रेश्माकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मग सुमननं बोट करून घरं दाखवली. त्या घरातला गणू. पलीकडची यमुना. तिचा दीर. सगळे गेलेले, सगळे मशीनवरचे.

 

१८ जानेवारी, शनिवार

सुमनला महाडला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, नवीन आलेत. त्यांनी फाईल बाजूला ठेवून पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, काम काय करता?"

सु. माझ्याकडे पाहायला लागली. मग त्यांना म्हणाली, "हे आजपातूर कोनी विचारलं नव्हतं."

फोटो काढला. डॉक्टरांनी तो प्रकाशात धरून मला दाखवला. दोन्ही फुप्फुसांत बारीक पांढरे ठिपके, वर वर दाट होत गेलेले. म्हणाले, हा टीबी दिसत नाही. दगडाची धूळ आहे. श्वासातून आत जाते, तिथेच बसते, फुप्फुस निबर होतं.

"मग औषध?"

"गेलेलं परत येत नाही. धूळ आजच्या आज बंद करायची. पुढचं जितकं राखता येईल तितकं." मुंबईला मोठी तपासणी करून घ्या म्हणाले.

बाहेर आल्यावर सु. म्हणाली, "दगुड हाय व्हय माज्या पोटात?" आणि हसायला लागली. हसताना खोकला आला. रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं तिला धरून उभी होते. हाताला बरगड्या लागत होत्या. एकेक.

२६ जानेवारी, रविवार

आज दहावीच्या बॅचचा मेळावा, शाळेतच, झेंडावंदनानंतर. ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू होती. सु. ग्रुपवर नाही, तिच्याकडे तसला फोन नाही. मीच हट्टानं घेऊन गेले. "नको गो, काय नेसू मी," म्हणत होती. रेश्मानं स्वतःची चांगली साडी नेसवली.

भागवत सर आले होते. ऐंशी पार, पाठ ताठ, काठीसुद्धा नाही. सु. व्हरांड्याच्या पायऱ्या चढत होती. पाचच पायऱ्या. दोनदा थांबली. कोणी ओळखलं नाही तिला. सरांनी ओळखलं. "सुमन!" म्हणाले. "प्रतापगडवाली!"

ती पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली, वर येता येईना. सरांनी तिला उठवलं, स्वतःची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. स्वतः उभे राहिले. ऐंशी वर्षांचा मास्तर उभा आणि त्याची विद्यार्थिनी खुर्चीत, श्वास गोळा करत.  कोणीतरी दुसरी खुर्ची आणायला धावलं.

पण खरा धक्का पुढेच होता.

विलास आला. आमच्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा. आता मोठा कॉन्ट्रॅक्टर. शाळेला नवे बाक त्यानंच दिले, दर रविवारी सायकलवर रायगडाच्या पायथ्यापर्यंत जातो, पोट अजिबात नाही. हसत, सगळ्यांच्या गळ्यात पडत आला.

आणि सुमन खुर्चीतून उठायला लागली. हात जोडून म्हणाली, "नमस्कार, शेठ."

विलासनं "नमस्कार, नमस्कार" केलं आणि पुढे गेला.

मी तिला बाजूला घेतलं. "शेठ?"

"त्याचीच मशीन हाय गो. माज्या चेहऱ्यावर फडका असतो. कसा वळखंल?"

तेरा वर्षं! आणि हिनं एकदाही सांगितलं नाही, अरे मी तुझ्या वर्गातली. विचारलं का, तर म्हणाली, "लाज वाटली. माजी पन, त्याची पन."

ग्रुप फोटो काढला. आम्ही तिघं एकाच रांगेत. फोटो पाहवत नाही.

२८ जानेवारी

विलासला फोन. तो खरंच हादरला. खोटं नाही वाटलं. "वैशाली, शपथ घेऊन सांगतो, मला माहीत नव्हतं. माणसं मुकादम आणतो." मग थोड्या वेळानं, "मास्क दिलेत मी सगळ्यांना. घालत नाहीत गं ते."

मिलिंदचं म्हणणं, आपण यात किती पडायचं ते ठरव. विलासचं खातं त्याच्याच शाखेत आहे. एवढंच बोलला आणि पेपर उघडला.

२ फेब्रुवारी, रविवार

विलासनंच बोलावलं, ये आणि बघ. गेले.

रस्त्यापासून झाडं पांढरी. आंब्याची पानं ओळखू येईनात. बायका घमेली उचलत होत्या, डोळे सोडून सगळं फडक्यात. दिलेले मास्क पातळ, घामानं भिजले की श्वास घेता येत नाही, असं एकीनं सांगितलं. पाण्याचे फवारे मशीनवर बसवलेले आहेत. बंद होते. मुकादम म्हणाला, "पाणी मारलं की जाळी चोंदते, मॅडम. माल निघत नाय."

विलासचं ऑफिस काचेचं, एसी, आत हवा साफ करायचं यंत्र. मशीनकडे निघताना त्यानं खणातून दोन मास्क काढले, दोन्ही बाजूंना गोल डब्या असलेले, जाड. एक स्वतः लावला, एक मला दिला. सवयीनं. मी हातात धरून त्या बायकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो थबकला. माझ्याशी नजर मिळवेना.

म्हणजे त्याला माहीत होतं. सुमन कोण हे नव्हतं माहीत. धूळ काय करते हे माहीत होतं.

निघताना मुकादम आपुलकीनं म्हणाला, "तुमच्या घराचा स्लॅब टाकला ना, ती खडी आपलीच."

घरी आले. पाच वर्षं या घरात राहते. छताकडे बघत बसले.

६ फेब्रुवारी

महेशच्या फोनवरून सु. बोलली. चिडून. तिला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तुला कोनी सांगितलेलं तिकडं जायला? मुकादमानं महेशला दोन दिवस डंपर दिला नाय. शेठला ठावंपन नसंल. आमचं घर चालतं गो त्याच्यावर."

"अगं पण तुझा जीव—"

"माजा गेला. त्येंचा ऱ्हाऊदे."

मग म्हणाली, तिच्या जागी सोमवारपासून रेश्मा जाते मशीनवर.

  फोन तिनंच ठेवला.

९ फेब्रुवारी

गेले नाही. फोनही केला नाही. मला कोणी अधिकार दिला होता? आणि नव्हता दिला म्हणून गप्प बसायचं होतं का? पेपर तपासायचे पडलेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

महेशचा फोन, शाळेतच. आईला महाडला ॲडमिट केलंय. तास सोडून गेले. ओठ निळे, ऑक्सिजन लावलेला. मला पाहून तिनं हात पुढे केला. भांडण संपलं.

विलासला कळवलं होतं. येईल असं वाटलं नव्हतं. चारच्या सुमारास आला, हातात फळांची पिशवी. सु. धडपडून उठायला लागली. डोक्यावर पदर ओढत होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना.

विलास म्हणाला, "झोप गं, सुमन."

ती झोपली.  मग मास्क बाजूला करून, तुटक तुटक, "प्रतापगडला... तू मधीच बसलेलास. तुजं दप्तर... मी नेलं वर."

त्याला आठवलं. चेहऱ्यावर दिसलं. पिशवी कुठे ठेवावी कळेना त्याला. बाहेर जाऊन व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी गेले मागोमाग.

"एक रविवार मशीन बंद ठेवतो," म्हणाला. "सगळ्यांचे छातीचे फोटो काढू. गाडी मी मागवतो."

"आणि फवारे?"

"बघतो."

"रेश्मा? तिची सून?"

"बघतो म्हटलं ना, वैशाली."

२७ फेब्रुवारी

सु.ला घरी सोडलं. मुंबईची तपासणी राहिलीच. ती जायला तयार नाही, आणि नेण्यासारखी आहे का हेही डॉक्टर नक्की सांगत नाहीत. महेशनं तिला पाठीवर घेऊन डोंगर चढवला. मी मागून. तिचं वजन काहीच नाही, म्हणाला.

फवारे दोन दिवस चालू होते म्हणे. तिसऱ्या दिवशी बंद.

९ मार्च, रविवार

एक्स-रेची गाडी आली. मशीन बंद. त्या जागी इतकी शांतता, की ओढ्यातलं पाणी ऐकू येत होतं. छातीचे डॉक्टर स्वतः आले, पैसे न घेता. विलासही होता, उन्हात उभा, ऑफिसात गेला नाही. हे लिहायला हवं, कारण खरं आहे.

मला वाटलं होतं कोणी येणार नाही. सगळे आले. बायका धुतलेल्या साड्या नेसून, जत्रेला आल्यासारख्या. फडकं नसलेले त्यांचे चेहरे मी पहिल्यांदा पाहिले. कितीतरी जणी माझ्या नववीच्या मुलींपेक्षा फार मोठ्या नाहीत.

सु. हट्टानं आली होती. महेशनं आणून झाडाखाली बसवली होती.

रांग पुढे सरकत होती. रेश्माची पाळी आली. पायरीवर पाय ठेवला आणि खाली घेतला. गाडीतल्या तंत्रज्ञ पोरीला ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली. पोरगी मोठ्यानं म्हणाली, "मग तुमचा नाही काढता येणार, ताई. बाजूला व्हा."

डॉक्टरांनी विचारलं, काय झालं.

रेश्मा खाली बघून म्हणाली, "तिसरा म्हयना हाय."

महेशला माहीत नव्हतं. सुमनलाही नव्हतं. तिचा चेहरा मी पाहिला. आधी उजळला. क्षणभरच. मग तिनं मशीनकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला. रेश्मा महिनाभर, रोज आठ तास...  तीन महिन्यांतला एक इथे.

रेश्मा बाजूला उभी राहिली. मागच्या बाईला जागा दिली. मग डॉक्टरांना नाही, विलासला नाही, सगळ्यांनाच विचारल्यासारखं म्हणाली:

"मग उद्या मी कामावर येऊ का नको?"

डॉक्टर विलासकडे बघत होते. विलास मुकादमाकडे. महेश आईकडे.

रिपोर्ट गुरुवारी मिळणार आहेत.