मामाने दिलेला ग्लास

सावदा,
१६ मे २०२५

ती. तोताराम भाऊ व वहिनीस,
कुंदाचा नमस्कार.

इकडे सगळे बरे आहेत. केळीची कापणी चालू आहे, हे पहाटेच मळ्यात जातात. तुमचा नवीन आणि सूनबाई देवदर्शन करून परतले असतील. आमचा हितेंद्र दहावी पास झाला. पेढे वाटले नाहीत. त्याने निकाल पाहिलासुद्धा नाही, धाकट्या भूमिकाने मोबाइलवर बघून सांगितला.

फोनवर तुम्ही "जाऊ दे ना कुंदा" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहायला बसले.

नवीनच्या हळदीला मी बायकांत होते. मांडवामागे तुम्ही हितेंद्रच्या हातात बिअरचा ग्लास दिलात. तो नको म्हणाला, तर पाहुण्यांसमोर म्हणालात, "पोऱ्या आते मोठा व्हयना. काही व्हत नही." सगळे हसले. सोळा वर्षांचं पोर, देणारा सख्खा मामा, भोवती हसणारे पाहुणे. ते किती वेळ नाही म्हणणार? पुढचा ग्लासही तुम्हीच भरलात. मग बर्फ संपला, तेव्हा नवीनच्या मोटरसायकलची चावी त्याच्याच हातात दिलीत.

गल्लीच्या तोंडाशी मंतशा दूध घेऊन घरी चालली होती. तुमच्या गल्लीत गाद्या भरतात त्या मुख्तारभाईंची मुलगी. नऊ वर्षांची.

तेव्हापासून जो तो माझ्या पोराला नावं ठेवतो. तुम्हीसुद्धा. "आजकालची पोरं कुणाचं ऐकतात का," असं तुम्ही माझ्यादेखत मुख्तारभाईंना सांगितलंत. भाऊ, त्याने तुमचं ऐकलं म्हणून तर हे झालं.

आणि मला बाजूला घेऊन काय सांगितलंत? पोलिसांना म्हण, पोरगा मित्रांबरोबर कुठेतरी प्यायला, न विचारता गाडी घेऊन गेला. लहान आहे, सुटेल. व्याह्यांसमोर माझी इज्जत जायला नको. तुमची इज्जत राखायला माझं पोर चोर ठरवायचं?

मंगळवारी मी हितेंद्रला घेऊन धुळ्याला आले होते. तुमच्याकडे आले नाही, दवाखान्यात गेले. मंतशाच्या पायात सळई घातली आहे. चालेल, पण लंगडेल, असं डॉक्टर म्हणतात. हितेंद्र दारातच थांबला, त्याचं पाऊल आत पडेना. तिची आई खातून मला वाटेल ते बोलेल, अशी तयारी ठेवून गेले होते. तिने एवढंच विचारलं, "बाई, तुमच्या पोराला पाजली कोणी?"

इतक्या दिवसांत हे कोणीच विचारलं नव्हतं.

मी सांगितलं, "माझ्या भावाने."

तिथून आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. गाडी मीच चालवत होतो, हे हितेंद्रने आपल्या तोंडाने सांगितलं. मामाने पाजली, तेही सांगितलं. रडत होता, पण सांगायचा थांबला नाही. जबाबाखाली मी सही केली. त्याचं जे व्हायचं ते होईल, मी त्याला लपवणार नाही. तुम्हालाही नाही.

पोलीस तुमच्याकडे येतील. हे म्हणतात, माहेर तुटेल. तुटलं तर मला रडू येईल, पण सही मागे घेणार नाही. वहिनी, माझ्यावर राग धरू नका.

साहेब विचारतील तेव्हा भाच्याला खोटं पाडू नका, भाऊ. राखी घेऊन यायचं की नाही, ते तुमचं उत्तर ऐकून ठरवीन.

तोवर नुसती,
कुंदा