पहिल्या पानावरच्या तीन ओळी

३ मार्च, मंगळवार

आज सतरा अर्ज. सतरा चहाडखोर! सरकार त्यांना ‘जागल्या’ म्हणतं. ज्या कंपनीचं मीठ खायचं तिचाच घोटाळा फोडायचा आणि दंडातला वाटा बक्षीस म्हणून खिशात घालायचा — म्हणे जागल्या!

माझं काम सरळ आहे. अर्जाची एक प्रत आमच्याकडे राहते, दुसरी खुलाशासाठी त्या कंपनीलाच जाते. ती जाण्याआधी पहिल्या पानावरचं नाव, पत्ता, फोन मी काळ्या मार्करने खोडते. तीन ओळी, कायम त्याच जागी. पट्टी ठेवायची, मार्कर ओढायचा, त्या पानाची झेरॉक्स काढायची आणि झेरॉक्सच पाठवायची. नावं मी वाचत नाही. असल्यांची नावं वाचून करायचंय काय?

५ मार्च

धाकटा आजही चार मजले जिन्याने चढून आला. घामाने निथळत होता. नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत, आणि चढतो जिने! वर मलाच शहाणपण — “ताई, तूही जिन्यानेच येत जा.” म्हटलं, “गुडघे तू देणार का?” घाम पुसत आत गेला. चाळिशी आली तरी गोगलगाय ती गोगलगायच. जेवणही हल्ली चिमणीएवढं.

ताटावर बसल्या बसल्या मध्येच विचारलं, “तुमच्याकडे नावं खरंच लपतात का गं?” मी म्हटलं, “माझ्या हातून आजवर एक नाव फुटलेलं नाही.” याला चहाडखोरांचा पुळका कुठून आला कोण जाणे.

९ मार्च

झेरॉक्स मशीन बंद! साहेबांचं फर्मान — खोडलेली प्रतच पाठवा.

शिपायाने सहज एक पान खिडकीच्या काचेला लावलं आणि मार्करखालचं नाव खणखणीत वाचून दाखवलं. छापलेली अक्षरं उजेडात अगदी स्वच्छ दिसतात! मग दुसरं पान, तिसरं — वर्गातल्या हजेरीसारखं. मी प्रत्येकाला “हजर!” म्हणत होते. पोट धरून हसलो. लाज वाटायला हवी होती का? वाटली नाही.

१० मार्च

तरी साहेबांच्या कानावर घातलं. नोकरी आहे, उद्या माझ्यावर शेकायला नको. ते वरसुद्धा न बघता म्हणाले, “बाई, कंपनीवाले काय कागद उन्हात वाळत घालतात?” मागे भिंतीवर त्यांच्याच डोक्यावर पोस्टर — ‘तुमचं नाव, आमची जबाबदारी’. हा माणूस उंटावरून शेळ्या हाकणार आणि पगार माझ्या तिप्पट!

पानाच्या मागूनही मार्कर ओढला तर काही दिसत नाही. मी करून बघितलं. पण काम दुप्पट. कोणासाठी एवढा जीव काढायचा? बक्षीस त्यांना, बोटं काळी माझी.

१२ मार्च, गुरुवार

तेवीस पानं. एकाच बाजूने. जेवणाच्या सुट्टीआधी हातावेगळी केली. मशीनवाला आजही आला नाही. टपाल दुपारी गेलं.

१३ मार्च

मार्कर संपला. नव्यासाठी अर्ज करायचा — तीन प्रतींत! गोपनीयता कक्ष म्हणे.

१४ मार्च

आमच्या इमारतीची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर दोन मिनिटं अडकली. मी आत. धाकट्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “ताई, पुन्हा बसू नकोस. शपथ आहे तुला.” इतका घाबरट माणूस माझ्या आईच्या पोटी कसा जन्मला!

१६ मार्च

धाकट्याने जेवताना सांगितलं. त्यांच्या कंपनीत दोर जुनेच ठेवतात आणि अहवालात नवे दाखवतात. आमच्या लिफ्टचेही. गेल्या बुधवारी त्याने अर्ज केला. आमच्याच कार्यालयात. “तू अडचणीत यायला नकोस म्हणून आधी बोललो नाही.”

बुधवारचे अर्ज गुरुवारच्या गठ्ठ्यात येतात. म्हणजे या घराचा पत्ता मी माझ्या हाताने खोडला, आणि मला कळलंही नाही.

“नाव तूच खोडलंस ना?” त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

“मग झालं तर!” म्हणाला, आणि पातेलं पुढे ओढून पुन्हा वाढून घेतलं. किती दिवसांनी पोटभर जेवला.